आधी खुर्च्या मोजा

२७ नोव्हेंबर २००९ रोजी जर्मनीत झेडडीएफ या सार्वजनिक वाहिनीच्या प्रशासकीय मंडळाची बैठक भरली. मुख्य संपादक निकोलाउस ब्रेंडर यांचा करार पुढे चालू ठेवावा, असा प्रस्ताव खुद्द वाहिनीच्या महासंचालकांनी मांडला होता. मंडळात १४ सदस्य. प्रस्ताव मंजूर व्हायला ९ मतं लागत होती. पडली ७. उरलेली ७ विरोधात गेली. ब्रेंडर राजकारण्यांच्या फोनला भीक न घालणारे म्हणून ओळखले जायचे, आणि विरोधी मतांची मोट बांधली होती हेसन राज्याचे मुख्यमंत्री रोलांड कॉख यांनी. कॉख हे तेव्हाच्या चान्सेलर अंगेला मेर्केल यांच्याच पक्षाचे. कारण सांगितलं गेलं बातम्यांच्या घटत्या प्रेक्षकसंख्येचं.

आपल्याकडे असं काही घडलं की पुढचे आठ दिवस आपण माणसांबद्दल बोलतो. संपादक किती शूर, मालक किती भित्रा, मंत्री किती उर्मट. जर्मनीतही ते झालंच. पण तिथे आणखी एक गोष्ट झाली, आणि तिच्यासाठीच मी हा लेख लिहायला बसलो. ज्या आंतरराज्य करारावर ही वाहिनी उभी आहे तो करारच घटनेत बसतो का ते तपासा, असं म्हणत ऱ्हाइनलँड-फाल्ट्स राज्याचं सरकार घटनात्मक न्यायालयात गेलं. त्या राज्याचे मुख्यमंत्री कुर्ट बेक हे झेडडीएफच्या प्रशासकीय मंडळाचे अध्यक्ष होते. म्हणजे ज्या व्यवस्थेने त्यांना तिथे बसवलं होतं, तिच्याविरुद्धच त्यांचं सरकार दाद मागत होतं.

२५ मार्च २०१४ रोजी निकाल लागला. ब्रेंडर संपादक म्हणून चांगले की वाईट, यात न्यायाधीश शिरले नाहीत. त्यांनी खुर्च्या मोजल्या. वाहिनीच्या ७७ जणांच्या परिषदेत सरकार आणि राजकारणाशी बांधलेले सदस्य ४४ टक्के निघाले. हे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर जाता कामा नये आणि उरलेल्या सदस्यांच्या निवडीतही सरकारचा शब्द निर्णायक असता कामा नये, असं न्यायालयाने बजावलं. करार बदलावा लागला. ब्रेंडर यांना पद परत मिळालं नाही. पुढच्या संपादकाला मात्र आधीपेक्षा भक्कम जमीन मिळाली.

माध्यमं आणि सत्ता यांचं नातं देशोदेशी कसं आहे, हे वाचत गेलो तसतसा माझा एक समज पक्का होत गेला. आपण चुकीची गोष्ट मोजतो. अमुक वाहिनी निःपक्षपाती आहे का, तमुक संपादक कुणाच्या बाजूचा, यावर आपली सगळी ताकद खर्च होते. विचारायला हवेत ते दोन साधे प्रश्न: संपादकाला नेमतो आणि काढतो कोण? आणि पैसा कुठून येतो, कुणाच्या सहीने येतो?

बाजू घेणं हा रोग आहे असं मला वाटत नाही. मराठीतलंच उदाहरण घ्या. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात सार्वमत झालं. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं, हा प्रश्न. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने उभा होता आणि ‘राष्ट्रमत’ विरोधात. दोन्ही दैनिकं मराठी. ‘राष्ट्रमत’मधून उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर निघायचं आणि ते गावोगावी वाचलं जायचं. कुणीही तटस्थ असल्याचा आव आणला नाही. वाचकाला दोन्ही बाजू ठाऊक होत्या, दोन्ही अंक मिळत होते, आणि मतपेटीपर्यंत जाताना त्याच्या हातात खरा वाद होता. त्याआधी दहा वर्षं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’ने हेच केलं. नॉर्वे आणि स्वीडनमध्येही विसाव्या शतकातला मोठा काळ दैनिकं उघडउघड पक्षांचीच होती. एकाच गावात उजव्यांचं एक, मजूर पक्षाचं एक, शेतकऱ्यांच्या पक्षाचं एक. त्यातून तिथली लोकशाही मोडली नाही.

घोळ होतो तो गावात एकच दैनिक उरतं तेव्हा. १९५० आणि ६० च्या दशकांत उत्तर युरोपात तेच होऊ लागलं. मोठ्या दैनिकाकडे जाहिरातदार जातात, जाहिरातींच्या पैशावर ते जास्त पानं देतं, जास्त पानांमुळे वाचक वाढतात, वाचकांमागे पुन्हा जाहिरातदार. दुसऱ्या क्रमांकाचं दैनिक वाईट नसतं, पण दुसरं असतं म्हणूनच मरतं.

नेमक्या त्याच काळात आपल्याकडेही हाच प्रश्न ओळखला गेला होता. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ साली अहवाल दिला. बड्या दैनिकांनी भरपूर पानं स्वस्तात विकून छोट्यांचा गळा घोटू नये, म्हणून किमतीला पानांशी बांधावं, अशी शिफारस त्यात होती. १९५६ ला कायदा झाला आणि १९६० ला त्याखाली आदेश निघाला: इतक्या पैशांना इतकीच पानं, आणि जाहिरातींच्या जागेवरही नियंत्रण.

याला आव्हान दिलं ते पुण्याच्या ‘सकाळ’ने. डॉ. ना. भि. परुळेकरांनी १९३२ साली काढलेलं हे दैनिक सात नव्या पैशांना मिळत होतं. आदेश पाळायचा तर किंमत वाढवा, नाहीतर पानं कापा. किंमत वाढली तर वाचक तुटणार, पानं कापली तर मजकूर जाणार. सप्टेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा आणि आदेश दोन्ही रद्द ठरवले. निकाल लिहिला होता न्यायमूर्ती मुधोळकर यांनी. एकाचं स्वातंत्र्य वाढवण्यासाठी दुसऱ्याच्या स्वातंत्र्यावर घाव घालता येणार नाही, असा त्याचा गाभा. घटनेच्या १९व्या कलमाचा अभ्यास करणारा प्रत्येक विद्यार्थी आजही हा खटला वाचतो, आणि निकाल बरोबरच होता असं माझं मत आहे. सरकारच्या हातात पानं मोजण्याची कात्री देणं धोक्याचंच.

पण पुढे काय झालं ते पाहा. नॉर्वेने १९६९ ला आणि स्वीडनने १९७१ ला हाच प्रश्न उलट्या टोकाने सोडवला. मोठ्याची पानं कापली नाहीत, दुसऱ्या क्रमांकाच्या दैनिकाला सरकारी तिजोरीतून मदत द्यायला सुरुवात केली. कुणाला किती, हे ठरायचं खपाच्या आकड्यांवर आणि बाजारातल्या स्थानावर. काल अग्रलेखात मंत्र्याबद्दल काय छापलं होतं, याला त्या हिशेबात जागाच नव्हती. यामागे शुद्ध तत्त्वनिष्ठा होती असं समजायचं कारण नाही. स्वीडनमध्ये मरू घातलेली दैनिकं बहुतेक सोशल डेमोक्रॅट आणि सेंटर पक्षाच्या बाजूची होती, आणि मदत मंजूर करून घेतली ती त्याच पक्षांनी. उजव्यांनी विरोध केला. पण नियम एकदा लिहिला गेला की तो लिहिणाऱ्याचंही ऐकत नाही. स्टॉकहोममधलं दुसऱ्या क्रमांकाचं दैनिक होतं ‘स्वेन्स्का दाग्ब्लादेत’, उजव्या विचारांचं. सगळ्यात जास्त मदत मिळणाऱ्यांत ते जाऊन बसलं. नॉर्वेत ‘क्लासेकाम्पेन’ला, म्हणजे ‘वर्गसंघर्ष’ असं नाव लावणाऱ्या कडव्या डाव्या दैनिकाला, ही मदत मिळते आणि ‘दागेन’सारख्या ख्रिस्ती दैनिकालाही मिळते. उजवं सरकार आलं म्हणून ‘क्लासेकाम्पेन’चा चेक थांबला नाही.

आपण १९६१ नंतर दार बंद झालं असं मानून बसलो. मोठ्याला कापता येत नाही हे न्यायालयाने सांगितलं होतं. छोट्याला नियमाने मदत करता येणार नाही, असं काही सांगितलं नव्हतं. ती मदत आपण उभीच केली नाही. तिच्या जागी आली सरकारी जाहिरात.

इथे माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. काही वर्षं मी एका तालुक्याच्या गावी एका छोट्या दैनिकाचा वार्ताहर होतो. मानधन नावापुरतं, खरी कमाई जाहिरातींच्या कमिशनची. नेत्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या, दिवाळीच्या शुभेच्छा, आणि कार्यालयांच्या जाहीर नोटिसा व निविदा. एकदा पाण्याच्या टाकीच्या कामाची बातमी दिली. बातमी पक्की होती, कागद हातात होते. त्यानंतर जवळजवळ दोन महिने त्या कार्यालयाची एकही नोटीस आमच्याकडे आली नाही. कुणी फोन केला नाही, धमकी दिली नाही, बातमी खोटी आहे असंही कुणी म्हणालं नाही. संपादक मला एवढंच बोलले, “बातमी खरी होती रे, पण आता जरा सांभाळून.” मला त्यांचा राग आला नाही, आजही येत नाही. छपाईचं बिल आणि सात माणसांचे पगार त्यांना द्यायचे होते. पण त्या दिवशी मला कळलं की दोरी कुठे बांधलेली असते.

हीच दोरी अख्ख्या देशाला कशी बांधता येते, ते हंगेरीने दाखवलं. पंतप्रधान व्हिक्टोर ऑर्बान यांचं सरकार २०१० साली आलं. त्याच वर्षी नवा माध्यम कायदा झाला आणि नियामक परिषदेवर सगळे सदस्य सत्ताधारी पक्षाच्या पसंतीचे आले. सरकारी जाहिरातींचा ओघ जवळच्यांकडे वळला. बाकीच्यांचे जाहिरातदार घाबरून आटले. ८ ऑक्टोबर २०१६ ला ‘नेपसाबाद्शाग’ हे सर्वांत मोठं विरोधी दैनिक एका शनिवारी अचानक बंद पडलं. मालकांनी तोट्याचं कारण दिलं. काही आठवड्यांतच ती प्रकाशन कंपनी ज्यांच्याकडे गेली त्यांचा संबंध लोरिन्त्स मेसारोश यांच्याशी होता. मेसारोश म्हणजे ऑर्बान यांच्या फेल्चूत गावचे तेव्हाचे महापौर आणि जुने स्नेही. नोव्हेंबर २०१८ मध्ये तर सरकारच्या जवळच्या मालकांनी चारशेहून अधिक दैनिकं, संकेतस्थळं, रेडिओ केंद्रं एकाच प्रतिष्ठानाला ‘दान’ केली. स्पर्धा आयोगाने चौकशी करू नये म्हणून सरकारने हा व्यवहार राष्ट्रीयदृष्ट्या महत्त्वाचा असल्याचं जाहीर केलं. या सगळ्यासाठी पत्रकारांना तुरुंगात टाकावं लागलं नाही. टिळकांना १९०८ साली मंडालेला पाठवावं लागलं होतं. आज खर्चाचा रकाना पुरतो.

इटलीची कहाणी वेगळी, आणि मला ती जास्त अस्वस्थ करते, कारण तिची सुरुवात चांगल्या हेतूने झाली. १९७५ च्या कायद्याने ‘राय’ ही सार्वजनिक वाहिनी सरकारच्या हातून काढून संसदेच्या हाती दिली. ऐकायला किती छान! पण संसद म्हणजे पक्ष, आणि पक्षांनी वाटणी केली. पहिली वाहिनी ख्रिश्चन डेमोक्रॅट्सची, दुसरी समाजवाद्यांची, आणि पुढे तिसरी कम्युनिस्टांकडे गेली. शेताचे तुकडे पाडावेत तशी वाटणी, आणि इटालियन भाषेत तिला शब्दही तोच: प्लॉट पाडणं. एक खरं की प्रेक्षकाला निदान तीन बाजू दिसत होत्या. पण प्रत्येक बातमीदाराच्या बढतीला पक्षाची चिठ्ठी लागू लागली.

खाजगी वाहिन्यांना देशभर प्रक्षेपणाची परवानगी नव्हती, तरी उद्योगपती सिल्विओ बेर्लुस्कोनी ते करत होते. ऑक्टोबर १९८४ मध्ये तीन शहरांतल्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी ते बंद पाडलं. चारच दिवसांत पंतप्रधान बेत्तीनो क्राक्सी यांनी वटहुकूम काढून पडदे पुन्हा उजळवले. १९९० ला कायदा करून बेर्लुस्कोनींच्या तिन्ही वाहिन्यांवर शिक्कामोर्तब झालं. त्याच्या निषेधार्थ पाच मंत्र्यांनी राजीनामे दिले. त्यांतले एक होते सेर्जिओ मात्तारेल्ला, जे पुढे इटलीचे राष्ट्राध्यक्ष झाले. जानेवारी १९९४ मध्ये बेर्लुस्कोनी राजकारणात उतरले, मार्चमध्ये निवडणूक जिंकले. आता तीन वाहिन्या घरच्या, आणि ‘राय’च्या खुर्च्या संसदेतल्या बहुमताच्या. एप्रिल २००२ मध्ये बल्गेरियातल्या सोफियात पत्रकारांसमोर त्यांनी ‘राय’चा गैरवापर करणारे म्हणून तीन जणांची नावं घेतली. त्यांत ऐंशी ओलांडलेले एन्झो बियाजी होते, इटलीतल्या सर्वांत आदरणीय पत्रकारांपैकी एक. तिघेही ‘राय’च्या पडद्यावरून दिसेनासे झाले. बियाजी परतले पाच वर्षांनी, २००७ मध्ये, आणि त्याच वर्षी वारले.

इटलीकडे पाहून ‘संसदेच्या देखरेखीखाली द्या’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही. खुर्च्या एका पक्षाच्या असोत वा सगळ्या पक्षांत वाटलेल्या, त्या पक्षांच्याच राहिल्या तर बहुमत बदलताच त्या सगळ्या एका दिशेला वळतात.

आणि एकदा वळल्या की सरळ करणं फार कठीण जातं. पोलंडमध्ये २०१५ नंतरच्या सरकारने सार्वजनिक वाहिनी पूर्ण ताब्यात घेतली. डिसेंबर २०२३ मध्ये डोनाल्ड टुस्क यांचं सरकार आलं, आणि आठवड्याभरात सांस्कृतिक मंत्र्यांनी वाहिनीचं मंडळ काढून टाकलं, वृत्तवाहिनीचं प्रक्षेपण थांबलं, पुढे कंपनीच अवसायनात काढली. वाहिनीला प्रचारातून सोडवायचं होतं, हे मला पटतं. पण मार्ग तोच होता, मंत्र्याच्या सहीचा. लोकशाहीवादी माणसांनीही त्यावर शंका घेतल्या आणि त्या रास्त होत्या. हा पेच टाळायचा तर नियम सत्ता आपल्या हाती असताना बदलावे लागतात, आणि त्या वेळी ते बदलावेसे कुणालाच वाटत नाहीत. म्हणून मला कुर्ट बेक यांच्या त्या अर्जाचं मोल वाटतं.

यावर एक आक्षेप हमखास येतो: सरकारने माध्यमांपासून पूर्ण लांब राहावं, अमेरिकेसारखं. पण अमेरिकाही कधी पूर्ण लांब नव्हती. १७९२ च्या टपाल कायद्याने वर्तमानपत्र शंभर मैलांपर्यंत एका सेंटमध्ये पोहोचायचं, आणि पत्राला किमान सहा सेंट पडायचे. ती सरळ सरळ मदत होती, आणि ती प्रत्येक वर्तमानपत्राला सारखीच होती. सार्वजनिक रेडिओ आणि दूरचित्रवाणीला सरकारी मदत मात्र काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, मंजूर करेल तेवढीच मिळायची. जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने आधी मंजूर केलेले १.१ अब्ज डॉलर परत काढून घेतले. त्याचा सर्वांत मोठा फटका मोठ्या शहरांना बसला नाही. तो बसला आडगावच्या लहान केंद्रांना, जिथे वादळाची सूचना द्यायला दुसरं कुणी नाही. जर्मनीत सार्वजनिक वाहिन्यांसाठीची घरटी आकारणी किती असावी याचा हिशेब एक स्वतंत्र आयोग करतो. एका राज्याने २०२० साली ८६ सेंटची वाढ अडवली, तेव्हा घटनात्मक न्यायालयाने २०२१ मध्ये ती लागू करायला लावली.

मग आपलं काय? प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, अंमल १९९७ पासून. हवेतल्या लहरी जनतेच्या मालकीच्या आहेत, त्यांच्यावर स्वायत्त संस्थेची देखरेख हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं. आज प्रसार भारतीचा मोठा खर्च मंत्रालयाच्या अनुदानातून चालतो, आणि किती द्यायचं हे मंत्रालयच ठरवतं. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची मुभा नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, एवढंच. सामुदायिक रेडिओलाही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. गावातल्या बाजारभावाची चर्चा चालते, त्याच गावातल्या ग्रामपंचायतीच्या कारभाराची बातमी चालत नाही. ज्या देशात हजारो वर्तमानपत्रं आणि शेकडो वृत्तवाहिन्या आहेत, तिथे रेडिओच्या बातम्यांवर सरकारचा एकाधिकार का, याचं पटण्यासारखं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

सरकारी जाहिरातींबाबत १३ मे २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल आला. तो गाजला तो फोटोंमुळे: जाहिरातीत कुणाचा चेहरा चालेल, कुणाचा नाही. पुढल्या वर्षी न्यायालयाने ती अट सैल केली, त्याचीही बातमी झाली. पण त्याच निकालात एक तत्त्व होतं जे फारसं कुणी उचललं नाही. खपाप्रमाणे वर्गवारी करा, पण जाहिराती देताना सगळ्यांना समान वागणूक द्या, एखाद्या माध्यमसमूहावर मेहेरनजर नको. हे तत्त्व प्रत्यक्षात उतरायचं तर जाहिरातींचं वाटप माहिती खात्याच्या हातून काढून स्वतंत्र मंडळाकडे द्यावं लागेल, आणि त्या मंडळात सरकारी खुर्च्या किती, हे कायद्यात लिहावं लागेल. कोणत्या अंकाला किती जाहिरात, किती पैसे, हे दर महिन्याला संकेतस्थळावर टाकावं लागेल. एखाद्या दैनिकाच्या जाहिराती थांबवल्या तर कारण लेखी द्यावं लागेल. माझ्या त्या संपादकांना एवढं जरी मिळालं असतं, तरी ते मला दुसरं काहीतरी बोलले असते.

सरकारी कागद नागरिकाला पाहता यावेत हा हक्क स्वीडनने १७६६ साली दिला. महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, २००२ मध्ये माहिती अधिकाराचा कायदा केला. १९६१ च्या खटल्यात ‘सकाळ’ एकटा नव्हता. दोन वाचकांनीही स्वतंत्र अर्ज केले होते, आमचा अंक छोटा करू नका म्हणून. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मीही एक अर्ज तयार केला आहे: गेल्या पाच वर्षांत माझ्या जिल्ह्यातल्या कोणत्या दैनिकाला किती कॉलम सेंटिमीटर सरकारी जाहिरात मिळाली, कोणत्या नियमाने, आणि कुणाची मध्येच थांबली. सोमवारी तो जिल्हा माहिती कार्यालयात देणार आहे.